भिंतीतील वाट आणि शिकागोचे एक लाकडी चर्च

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मगुरुनिवासातील एका भिंतीत दार काढावयाचे ठरले. कार्यालयात येणाऱ्या वृद्ध माणसांना व्हरांड्याला वळसा घालून, पावसाळ्यात भिजत, सभागृहात जावे लागे. मधली भिंत विटांची, चांगली जाड, वर माळ्याचे ओझे घेऊन उभी असलेली. तीन-चार फूट भिंत काढली की काम झाले, अशी माझी भाबडी समजूत. आमचे म्हातारे गवंडी मात्र बराच वेळ भिंतीवरून हात फिरवीत राहिले, दोन-तीन ठिकाणी बोटाच्या पेराने वाजवून त्यांनी कानोसा घेतला आणि म्हणाले, ‘‘फादर, भिंत फोडायला अर्धा दिवस पुरे. पण वरचं ओझं कुठं न्यायचं, ते आधी ठरवू या.’’ याच भिंतीत पूर्वी कोणी तरी घाईघाईने एक खिडकी पाडली होती. तिच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग त्यांनी मला दाखविली. कित्येक वर्षे त्या भेगेवर चुना फासला जात होता. मीही एकदा फासून घेतला होता.

त्या रात्री मला शिकागो शहर आठवले. वाचकांना हा संबंध विचित्र वाटेल, पण त्यामागे माझी एक जुनी चूक आहे आणि ती कबूल करण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत मी चर्चबांधणीच्या इतिहासावर लिहिले होते. त्यात मी ठामपणे विधान केले होते की, आज अमेरिकेत कोट्यवधी घरे ज्या हलक्या लाकडी सांगाड्याच्या पद्धतीने उभी आहेत, त्या पद्धतीची जगातील पहिली वास्तू म्हणजे शिकागोचे सेंट मेरी हे कॅथलिक चर्च होय. टाळ्या पडल्या नाहीत, कारण स्मरणिका वाचून कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण दोघा-तिघांनी अभिमानाने तो मजकूर मला परत ऐकविला. पुढे त्याच धर्मग्रामातील, अमेरिकेत घरबांधणीच्या व्यवसायात असलेल्या एका तरुणाचे पत्र आले. अत्यंत आदराने त्याने विचारले होते: ‘‘फादर, ‘पहिली’ हा शब्द तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलात?’’

उत्तर द्यावयाचे तर प्रथम दाराविषयी बोलावे लागेल.

आपण ‘दार’ म्हणतो तेव्हा फळ्या, चौकट, उंबरठा आणि मधली मोकळी जागा या सर्वांना एकाच शब्दात गुंडाळतो. कारागिराला तसे करून चालत नाही. त्याच्यापुढे सर्वप्रथम असते ती भिंतीतील रिकामी जागा. भिंतीचे कामच मुळी वरचे ओझे जमिनीपर्यंत पोचविण्याचे. आणि दार काढणे म्हणजे नेमकी तीच वाट मध्येच तोडणे. तुटलेल्या वाटेवरचे ओझे नाहीसे होत नाही. ते डावीकडे नि उजवीकडे वळवून खाली न्यावे लागते. माणसाने बांधलेल्या प्रत्येक दाराच्या वर, मग ते राजवाड्याचे असो की गोठ्याचे, या प्रश्नाचे काही ना काही उत्तर लपलेले असते.

दगडाचे उत्तर सर्वांत जुने. दोन बाजूंच्या भिंतींवर एक लांब दगड आडवा टाकायचा. पण दगडाचा स्वभाव असा की, तो दाब कितीही सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आडव्या दगडावर वजन आले की त्याची खालची बाजू ताणली जाते आणि नेमकी मध्यभागी तडकते. ग्रीसमधील मायसीनी येथील गवंड्यांनी हे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात ओळखले होते. तेथील प्रसिद्ध सिंहद्वाराच्या आडव्या शिळेवर त्यांनी भिंतीचा भार येऊच दिला नाही. दगडांचे थर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पुढे सरकवीत वर एक त्रिकोणी पोकळी ठेवली आणि ती पातळ कोरीव शिळेने झाकली. ज्या दोन सिंहांची छायाचित्रे आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहतो, ते सिंह म्हणजे ती पोकळी झाकणारे झाकण आहे. तेथून जवळच असलेल्या ‘अत्रेउसचा खजिना’ या थडग्याच्या दारावर सुमारे १२० टन वजनाची शिळा आहे. तिच्यावरही तसाच त्रिकोण.

पुढे कमान आली आणि दगडाला केवळ दाबच सोसावा लागेल अशी युक्ती साधली. तिची साक्ष पाहण्यासाठी आपणा वसईकरांना रोमला जावे लागत नाही. आपल्या किल्ल्यातील चर्चची छपरे केव्हाच गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, त्यानंतर ही मंदिरे उपासनेविना ओस पडली; लाकूड कुजले, कौले गळाली, वडा-पिंपळाची मुळे भिंतींत शिरली. पण दारांच्या कमानी पुष्कळ ठिकाणी अजून उभ्या आहेत. लहानपणी मला त्याचे आश्चर्य वाटे, की ज्या ठिकाणी भिंत नाही तेच ठिकाण सर्वांत बळकट कसे? आज कळते की, कारागिराने सर्वांत जास्त विचार त्याच ठिकाणी केला होता.

लाकडाची कथा वेगळी आहे. युरोपात आणि युरोपातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतींत शेकडो वर्षे जाडजूड तुळयांचा सांगाडा उभारीत. आठ-दहा इंच जाडीचे खांब, तितक्याच तोलामोलाच्या आडव्या तुळया, एका लाकडाला खाच तर दुसऱ्याला जीभ, आणि दोहोंना एकत्र जखडणारी लाकडी खुंटी. लोखंडाचा खिळा त्यात जवळपास नाहीच. कारण खिळा म्हणजे लोहाराने एकेक करून घडविलेली महागडी वस्तू. अशा सांगाड्यात दाराचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. सगळे ओझे खांब-तुळयांवर. मधली भिंत म्हणजे नुसते भरताड. दोन खांबांच्या मध्ये कोठेही दार बसवा, छपराला त्याची खबरही लागत नाही. मात्र हा सांगाडा जोडायला वर्षानुवर्षे उमेदवारी केलेला सुतार लागे आणि उभा करायला अख्खे गाव. वीस-पंचवीस माणसांनी लांब काठ्यांनी रेटून भिंतीची एकेक बाजू उचलायची आणि मग सर्वांनी मिळून जेवायचे, अशी रीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चित्र पालटले. एक तर यांत्रिक करवतीमुळे सारख्या मापाच्या पातळ लाकडांचा ढीग पडू लागला. दुसरे म्हणजे यंत्राने कापलेले खिळे स्वस्त झाले. वास्तुकलेचे स्विस इतिहासकार सिगफ्रीड गिडिऑन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत १८२८ साली खिळ्यांचा भाव पौंडाला ८ सेंट होता, तो १८३३ साली ५ सेंटवर आणि १८४२ साली ३ सेंटवर आला. माझ्या मते या तीन आकड्यांत वास्तुकलेचा जितका इतिहास आहे तितका कित्येक जाडजूड ग्रंथांत नाही. कारण खिळा स्वस्त होताच जोडकामाची विद्या अनावश्यक ठरली. दोन इंच जाड आणि चार इंच रुंद असे दांडे जवळजवळ उभे करायचे, वर-खाली तशीच पट्टी ठोकायची, की भिंत तयार. दोन दांड्यांमधील अंतर सोळा इंच रूढ झाले, कारण गिलाव्यासाठी ठोकायच्या पातळ पट्ट्या चार फूट लांबीच्या मिळत आणि त्यांचे तीन सारखे भाग सोळा इंचांचे होतात. दोन मजली घर असले तरी हे उभे दांडे पायथ्याच्या पट्टीपासून थेट छपरापर्यंत अखंड जात. मधल्या मजल्याची लाकडे त्यांच्या बाजूला खिळ्यांनी ठोकीत. जुन्या सुतारांनी या हलक्या बांधणीची थट्टा करून तिला ‘बलून’ म्हणजे फुगा असे नाव दिले, असे परंपरेने सांगतात. वारा आला की उडून जाईल, हा त्यातला टोमणा. ती उडाली नाही. नाव मात्र चिकटले.

आता अशा भिंतीत दार काढून पाहा. येथे खांब नाहीत. प्रत्येक दांडा आपापल्या वाट्याचे ओझे वाहतो आहे. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. तीन फुटांचे दार हवे असेल तर मधले दोन दांडे कापावे लागतात आणि त्या दोघांचे ओझे शेजाऱ्यांच्या खांद्यावर जाते. म्हणून दाराच्या दोन्ही अंगांना लाकूड दुप्पट करतात. बाहेरचा दांडा पायथ्यापासून वरपर्यंत अखंड. त्याला आतून चिकटून दुसरा, दाराच्या उंचीइतकाच. या दोन आखूड दांड्यांच्या डोक्यांवर आडवी तुळई बसते. आणि ती कधी पालथी नव्हे, तर कडेवर उभी ठेवतात, कारण फळी पालथी टाकली तर वाकते, कडेवर उभी केली तर तोलते. तुळईच्या वर उरलेल्या जागेत पुन्हा तोकडे तुकडे, सोळा इंचांचे अंतर न मोडता. अमेरिकन सुतारांनी या मंडळींना मजेदार नावे दिली आहेत. अखंड दांडा तो ‘किंग’, म्हणजे राजा. त्याच्या कुशीत उभा राहून खरे ओझे वाहणारा तो ‘जॅक’, म्हणजे कोणीही सोम्या-गोम्या. आणि वरचे तोकडे तुकडे ते ‘क्रिपल’, म्हणजे लंगडे. ओझे जॅकने वाहायचे आणि राजेपद शेजाऱ्याला मिळायचे, हा न्याय सुतारकामापुरताच मर्यादित आहे असे म्हणवत नाही. पण राजाने जॅकला सरळ धरून ठेवले नाही तर तोही वाकेल, हेही खरे.

ही रिकामी चौकट दाराच्या खऱ्या चौकटीपेक्षा मुद्दाम मोठी ठेवतात. रुंदीला दोनेक इंच, उंचीलाही साधारण तितकेच. नवख्या माणसाला हे अंतर म्हणजे सुताराची चूक वाटते. पण लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते, आकसते. भिंत कधीच पुरती ओळंब्यात नसते. त्या फटीत दोन्ही बाजूंनी पातळ पाचरांच्या जोड्या सरकवून, ओळंबा नि पाणसळ लावून, खरी चौकट काटेकोर सरळ करतात. भिंत वाकडी असली तरी दार सरळ बसते. नंतर वरून नक्षीची पट्टी ठोकली की फट, पाचरी, राजा, जॅक, लंगडे सारे कायमचे दिसेनासे होतात.

या पार्श्वभूमीवर १८३३ सालच्या शिकागोकडे वळू. मिशिगन सरोवराच्या काठी, चिखलात वसलेले जेमतेम साडेतीनशे माणसांचे ते गाव त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला ‘नगर’ म्हणून नोंदले गेले. एक किल्ला, काही ओंडक्यांची घरे, फरचा व्यापार करणारे फ्रेंच, त्यांच्या स्थानिक आदिवासी बायका आणि मिश्र वंशाची मुले, आणि पूर्वेकडून रोज उतरणारे नवे लोक, अशी ती संमिश्र वस्ती होती. एप्रिलमध्ये तेथील कॅथलिकांनी सेंट लुईचे बिशप जोसेफ रोझाटी यांना विनंतीअर्ज केला की, आम्ही शंभराच्या आसपास आहोत, आम्हाला धर्मगुरू द्या. बिशपांनी नुकतीच दीक्षा दिलेले फादर जॉन मेरी आयरेनियस सेंट सिर या तरुण फ्रेंच धर्मगुरूंना पाठविले. ५ मे १८३३ रोजी त्यांनी मार्क बोबियन यांच्या ओंडक्यांच्या घरात मिस्साबलिदान अर्पण केले. हे बोबियन खाणावळवाले, आणि पंचक्रोशीत फिडलवादनासाठी प्रसिद्ध. फादरांना पहिला आसरा मिळाला तो असा.

त्याच उन्हाळ्यात चर्चचे काम सुरू झाले. कनेक्टिकटहून आलेल्या ऑगस्टिन डिओडॅट टेलर या बांधकाम करणाऱ्या गृहस्थांकडे ते सोपविले गेले. लांबी सुमारे ३६ फूट, रुंदी सुमारे २४ फूट, खर्च सुमारे ४०० डॉलर. ऑक्टोबरमध्ये तेथे उपासना सुरू झाली. भिंतींना आतून गिलावा नव्हता, बाहेरून रंग नव्हता, बाके ओबडधोबड होती, असे जुनी वर्णने सांगतात. मला नेहमी त्या बिनगिलाव्याच्या भिंतींचे चित्र डोळ्यांपुढे येते. बांधणी जर खरोखरच त्या नव्या हलक्या पद्धतीची असेल, तर मिस्सेला बसलेल्या माणसाला भिंतीतले सारे दांडे मोजता आले असतील. दाराच्या वरची तुळई, बाजूचे जोडदांडे, खिळ्यांची डोकी, काहीच झाकलेले नव्हते. ज्या गोष्टी पुढे प्रत्येक अमेरिकन घरात गिलाव्याआड गेल्या, त्या येथे भाविकांच्या डोळ्यांसमोर उघड्या होत्या.

ते चर्च स्वच्छ करून पहिल्या उपासनेसाठी सज्ज केले ते आदिवासी स्त्रियांनी, असे त्या काळच्या आठवणींत नमूद आहे. ही नोंद वाचून मी पुढे जाऊ शकलो नाही. कारण नेमक्या त्याच हंगामात, २६ सप्टेंबर १८३३ रोजी, शिकागो येथे पोटावाटोमी आणि त्यांच्या सहयोगी जमातींशी तह झाला. त्या तहान्वये त्यांनी सुमारे ५० लाख एकर जमीन अमेरिकन सरकारला सोडून दिली आणि मिसिसिपी नदीपलीकडे निघून जाण्याचे मान्य केले. ‘मान्य केले’ हे कागदावरचे शब्द. त्यामागे किती मद्य, किती कर्जे आणि किती दडपण होते याची वर्णने उपलब्ध आहेत. ऑगस्ट १८३५ मध्ये सुमारे आठशे पोटावाटोमी योद्ध्यांनी शिकागोच्या रस्त्यांतून अखेरचे युद्धनृत्य केले आणि मग ते निघून गेले. ज्यांच्यासाठीही ते दार काढले होते, ज्यांच्या स्त्रियांनी ती जमीन झाडून घेतली होती, त्यांना त्या दारातून ये-जा करायला दोनच वर्षे मिळाली. आपल्या धर्मसभेच्या इतिहासात ‘शिकागोचे पहिले चर्च’ असा मथळा देताना हे वाक्य बहुधा गाळले जाते. माझ्या स्मरणिकेतील लेखातही ते नव्हते.

आता ‘पहिली’ या शब्दाकडे येतो. गिडिऑन यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या बांधणीचे श्रेय जॉर्ज वॉशिंग्टन स्नो या शिकागोच्या लाकूड व्यापाऱ्याला दिले. पुढच्याच वर्षी वॉकर फील्ड या अभ्यासकाने त्याला हरकत घेतली आणि मान दिला टेलर आणि सेंट मेरी चर्चला. मी सेमिनरीत असताना ज्या पुस्तकात हे वाचले, त्यात फील्ड यांचे मत निर्विवाद सत्य म्हणून दिले होते. आणि कॅथलिक चर्च म्हटल्यावर मला अधिक शोध करावासा वाटला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. वस्तुतः १९८१ सालीच पॉल स्प्रेग यांनी सर्व कागदपत्रे पुन्हा तपासून स्नो यांचा पक्ष मांडला होता. त्यांच्या मते स्नो यांनी १८३२ साली, म्हणजे चर्चच्या आधी एक वर्ष, शिकागो नदीच्या मुखाजवळ बांधलेले एक गोदाम ही या पद्धतीची पहिली वास्तू. म्हणजे मान गेला तो एका मालाच्या कोठाराकडे.

पण तोही पक्का नाही. स्नो यांच्या बाजूचा एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे शिकागोचे आद्य वास्तुकार जॉन व्हॅन ऑस्डेल. त्यांनी १८८३ साली स्नो यांचे नाव लिहून ठेवले. परंतु व्हॅन ऑस्डेल स्वतः शिकागोत आले १८३७ साली. १८३२-३३ मध्ये काय घडले ते त्यांनी ऐकले होते, पाहिले नव्हते. आणि मधे पन्नास वर्षे लोटली होती. त्यानंतरच्या अभ्यासकांनी तर प्रश्नच बदलला. मिसिसिपीच्या खोऱ्यातील जुन्या फ्रेंच वसाहतींत जवळजवळ उभ्या केलेल्या लाकडांच्या भिंती आधीपासून होत्याच. इंग्रजांच्या वसाहतींतही गरीब शेतकरी जाड तुळयांऐवजी हलकी लाकडे वापरून घरे रेटून नेत. खिळे स्वस्त होत गेले तसतशी बांधणी हलकी होत गेली. या मतानुसार ‘पहिली’ अशी वास्तूच नाही. अनेक अनाम सुतारांनी, पैसे आणि मनुष्यबळ यांच्या टंचाईपोटी, थोडे थोडे लाकूड कमी करीत नेले, एवढेच. मला हे मत सर्वांत पटते. एखादी पद्धत एका माणसाच्या डोक्यातून एका दिवशी बाहेर पडली, अशी कथा सांगायला सोयीची असते, स्मरणिकेला तर फारच सोयीची.

वादाचा निकाल लावील अशी वास्तू आज उरलेली नाही. सेंट मेरीचे ते लाकडी चर्च हलके असल्यामुळे एकाहून अधिक वेळा जागेवरून हलविण्यात आले, वाढविण्यात आले. १८४३ साली मोठे विटांचे चर्च झाले आणि वर्षभरात शिकागोला स्वतःचा धर्मप्रांत आणि बिशप विल्यम क्वॉर्टर मिळाल्यावर तेच मुख्य मंदिर ठरले. विटांचे ते मंदिर ऑक्टोबर १८७१ च्या महाभयंकर आगीत जळाले.

त्या आगीत सुमारे तीनशे माणसे मेली, एक लाखाच्या आसपास बेघर झाली, १७ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. कारणे अनेक होती: कोरडे पडलेले वर्ष, जोराचा वारा, लाकडी रस्ते, लाकडी पदपथ. परंतु भिंतींनीही आपला वाटा उचलला. पायथ्यापासून छपरापर्यंत अखंड गेलेल्या दोन दांड्यांमधील पोकळी म्हणजे आगीच्या दृष्टीने तयार धुरांडेच. खाली ठिणगी पडली की ज्वाळा सरळ माळ्यावर. पुढे या पोकळ्यांत मध्येच आडवी लाकडे ठोकण्याचा शहाणपणा आला आणि विसाव्या शतकात प्रत्येक मजला स्वतंत्र उभा करण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे ती धुरांडी आपोआप बंद झाली. दाराची बांधणी मात्र तीच राहिली.

जाता जाता याच आगीशी निगडित दुसरी एक ‘पहिली’ कथा सांगतो. आग कॅथरिन ओलिअरी या गरीब आयरिश कॅथलिक बाईच्या गोठ्यात, गाईने कंदील लाथाडल्यामुळे लागली, असे वृत्तपत्रांनी छापले. आग गोठ्याच्या परिसरात सुरू झाली हे खरे. पण गाईची कथा आपण रचली होती, असे मायकेल अहर्न या बातमीदाराने १८९३ साली कबूल केले. शिकागोच्या नगरपरिषदेने त्या बाईला अधिकृतपणे निर्दोष ठरविले ते १९९७ साली. कथेमुळे त्या बाईला आयुष्यभर लपून राहावे लागले होते. गंमत म्हणजे तिचे स्वतःचे लाकडी घर त्या आगीतून वाचले. आपल्याला श्रेय देणारी ऐकीव कथा मी आनंदाने छापली; आपल्याला दोष देणारी ऐकीव कथा दुसऱ्या कोणी तितक्याच आनंदाने छापली. पुरावा दोघांकडेही सारखाच होता. हे ध्यानात आले तेव्हा मी त्या तरुणाला उत्तर लिहायला बसलो. माझ्या विधानाला आधार नव्हता, असे मी त्याला कळविले.

त्याने उलट पत्रात एक गोष्ट लिहिली, ती कोणत्याही ग्रंथात मला सापडली नव्हती. भिंत जमिनीवर आडवी ठेवून जोडतात, तेव्हा पायथ्याची पट्टी दाराच्या जागेतूनही अखंड ठेवतात. ती कापून टाकली तर भिंत उचलताना मध्येच मुरडेल. म्हणून भिंत उभी होते, छप्पर चढते, तरी दाराच्या तळाशी ती दोन इंचांची पट्टी तशीच असते. कामगार कित्येक दिवस तिच्यावरून पाय उचलून ये-जा करतात, नवखे अडखळतात. सगळी भिंत पक्की झाल्यावर कोणी तरी करवत घेऊन वाकतो आणि तेवढा तुकडा काढून टाकतो.

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या भिंतीला विटा असल्यामुळे ही सोय नव्हती. आमच्या गवंड्यांनी आधी माळ्याला दोन्ही बाजूंनी टेकू दिले. मग दाराच्या जागेच्या वर, भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच पाडून, एका बाजूने काँक्रीटची तुळई सरकविली, तिची टोके दोन्ही अंगांना चांगली वीतभर आत नेली, वरची फट कोरड्या सिमेंटने ठोकून ठोकून भरली आणि आठवडाभर तिला हातही लावू दिला नाही. त्यानंतर दुसऱ्या बाजूने तसेच. सर्व झाल्यावरच खालच्या विटा निघाल्या, आणि त्या खरोखरच अर्ध्या दिवसात निघाल्या. सर्वांत आधी त्या दारातून गेल्या त्या आमच्या कार्यालयात दर महिन्याला मिस्सेची वर्गणी द्यायला येणाऱ्या एक आजी. त्यांना नवे दार झाल्याचे बराच वेळ लक्षातच आले नाही.

जुन्या खिडकीची भेगही त्याच वेळी दुरुस्त झाली. स्मरणिकेची गोष्ट तितकी सोपी नाही. छापलेल्या प्रती घरोघरी गेल्या आहेत. माझ्याजवळच्या प्रतीत ‘पहिली’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि समासात लिहिले आहे: ‘१८३२, गोदाम, स्नो?’ प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवले आहे. त्याखाली आणखी एक ओळ: ‘जमीन झाडणाऱ्या बायका, पुढच्या आवृत्तीत घेणे.’